पिशवीच्या तोंडाची तपासणी: काहीच त्रास नसताना करायची का?

मेघना_प
धागा कुठल्या विभागात काढावा कळेना, म्हणून आरोग्यात टाकतेय.

माझं सासर राहुरी तालुक्यातलं. आम्ही पुण्यात असतो, थोरले दीर आणि जाऊबाई गावी शेती आणि चार गाई सांभाळतात. जाऊबाई ४७ वर्षांच्या. मागच्या आठवड्यात आशाताई सांगून गेल्या की येत्या गुरुवारी उपकेंद्रात तिशीपुढच्या बायकांची तपासणी आहे. बीपी, शुगर, आणि कॅन्सरसाठी तोंड, स्तन आणि पिशवीचं, म्हणजे गर्भाशयाचं तोंड. जाऊबाई बीपी-शुगरला हो म्हणाल्या आणि शेवटच्याला सरळ नाही. "मला अंगावरून जात नाही, पोटात दुखत नाही, पाळी वेळेवर येते. मग कुणापुढे उघडं कशाला व्हायचं?"

मी फोनवर समजवायला गेले तर त्यांनी विचारलं, "तू केलीस का?" मी ४१ वर्षांची. दोन बाळंतपणं झाली, दरवर्षी ऑफिसतर्फे रक्त-लघवी होते, पण ही तपासणी मी एकदाही केलेली नाही. मला उत्तर देता आलं नाही.

तर, काही त्रास नसताना ही करावी का, आणि किती वर्षांनी? आणि आत नेमकं काय करतात, हे ज्यांनी करून घेतलंय त्यांनी मोकळेपणाने लिहाल का? जाऊबाईंना वाचून दाखवायचंय, तेव्हा आडपडदा नको.

काठावरची
वाचतेय. मी ३९, मीही केलेली नाही.

प्राजक्ता_ठाणे
मी दोनदा पॅप (पेशी घेऊन लॅबमध्ये तपासतात ती) केली आहे, तीच सांगते. आधी लघवीला जाऊन यायचं. कमरेखालचे कपडे काढून टेबलावर पाठीवर झोपायचं, गुडघे दुमडून पाय फाकवायचे, वरून चादर असते. मग बदकाच्या चोचीसारखं एक साधन आत घालून हळूच उघडतात, म्हणजे पिशवीचं तोंड दिसतं. माझ्या वेळी सिस्टरने ते आधी कोमट पाण्याच्या नळाखाली धरलं होतं, एवढ्याशा गोष्टीनेही धीर आला. मग छोट्या ब्रशने तोंडावरून पेशी घेतात. पाळीच्या पहिल्या दिवशी पोटात कसं ओढल्यासारखं होतं, तसं क्षणभर झालं. सगळं मिळून दोन-तीन मिनिटं. घरी आल्यावर रक्ताचा एक ठिपका दिसला, तो तेवढाच.

पाळी चालू असताना जाऊ नका. आदल्या दोन दिवसांत संबंध नकोत आणि आत ठेवायची गोळी किंवा क्रीमही नको. आणि अंग घट्ट धरलं की दुखतं. माझ्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, "तोंडाने श्वास सोडत राहा." त्याने खरंच फरक पडतो.

अनुजा
मेघना, जाऊबाईंना माझ्या आईचं सांग.

आईची पाळी ५० ला गेली. ५७ व्या वर्षी तिला पुन्हा लाल डाग दिसायला लागले. तिने कुणाला सांगितलं नाही. जुन्या सुती साडीचे तुकडे करून वापरायची आणि पहाटे सगळ्यांच्या आधी धुऊन बाथरूममागे वाळत घालायची. मी दिवाळीला माहेरी गेले तेव्हा ते तुकडे पाहिले. विचारलं तर म्हणाली, "उष्णतेचं असेल." आठ महिने झाले होते. निदान झालं तेव्हा ऑपरेशनची वेळ निघून गेलेली. पंचवीस वेळा शेक (रेडिएशन), सोबत केमो, वर आतून दिलेला शेक. ती चार वर्षं जगली आणि त्यातली दोन बरी गेली.

त्या आठ महिन्यांचा मला राग येत नाही, ती लाजली. राग येतो तो तिशी ते पन्नाशी या वीस वर्षांचा. त्या काळात तिला एकदाही कुणी हे विचारलं नाही. आम्हा भावंडांच्या वेळी, माझ्या बाळंतपणात, भावाच्या मुलाच्या वेळी ती कितीदा दवाखान्याच्या बाकावर बसली होती.

रानजाई
अनुजाताई, वाचून गलबलून आलं.

मी उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी आहे, मराठवाड्यात. ही तपासणी रोज करते, त्यामुळे गुरुवारी काय होईल ते सांगते. उपकेंद्रात बहुधा पॅप नसते, व्हीआयए असते. झोपणं आणि ते साधन प्राजक्तांनी लिहिलं तसंच. फक्त ब्रशऐवजी आम्ही ५ टक्के अॅसिटिक अॅसिडमध्ये भिजवलेला कापूस पिशवीच्या तोंडाला लावतो आणि घड्याळ लावून एक मिनिट थांबतो. पेशी बदललेल्या असतील तर तिथे पांढरा चट्टा उठतो. नसेल तर तोंड गुलाबीच राहतं. थोडं चुरचुरतं. उत्तर तिथल्या तिथे मिळतं, रिपोर्टसाठी दुसरा हेलपाटा नाही, आणि ज्या बाईची रोजाची मजुरी बुडते तिला हे फार मोठं आहे. सरकारी केंद्रात पैसे पडत नाहीत. कार्यक्रमात तीस ते पासष्ट वयाच्या बायकांना दर पाच वर्षांनी एकदा करायचं ठरलेलं आहे.

बायका "नाही" म्हणतात त्याचं कारण बहुतेक वेळा तपासणी नसतंच. दाराला कडी लागते का, खिडकीला पडदा आहे का, आत पुरुष आहे का, बाहेर थांबलेल्यांना ऐकू जाईल का, हे त्यांना विचारायचं असतं आणि विचारता येत नाही. मी आता आधीच खोली दाखवते. कडी लावून दाखवते, ते साधन हातात देते. मग चारातल्या तीन तयार होतात. जाऊबाईंना म्हणावं, आधी नुसती खोली बघायला या.

गण्या_डोंबिवली
अॅसिटिक अॅसिड म्हणजे चायनीजच्या गाडीवर बाटलीत असतं तेच ना?

रानजाई
जात तीच हो भाऊ! पण आमचं मोजून, ताजं बनवलेलं. मंचुरियनवाल्याकडून आणत नाही. आणि घरी कुणी प्रयोग करू नका.

वाईकर_काका
मी इथे वेगळं बोलणार आहे, राग मानू नये.

माझ्या धाकट्या बहिणीला ३४ व्या वर्षी अंगावरून पांढरं जात होतं. तालुक्याच्या गावातल्या एका खासगी दवाखान्यात सोनोग्राफी झाली, "पिशवीच्या तोंडाला जखम आहे, पुढे कॅन्सर होईल" असं सांगितलं आणि पंधरा दिवसांत पिशवी काढली. कर्ज काढून. आज ती ५२ ची आहे, कंबर आणि हाडं गेली आहेत. काढलेल्या पिशवीचा तपासणी अहवाल आम्हाला कधीच मिळाला नाही. बीड जिल्ह्यात ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या पिशव्या किती काढल्या गेल्या ते २०१९ मध्ये विधान परिषदेत गाजलं, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिथेही कॅन्सरची भीतीच दाखवली होती. त्यामुळे कुणी निरोगी बाईला "तपासून घ्या" म्हणालं की मला आधी पुढचं बिल दिसतं. मेघनाताईंच्या जाऊबाई चूक आहेत असं मला वाटत नाही.

काठावरची
काका, राग कसला. माझ्या मामीचंही हेच झालं.

गंधाली
मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, सांगलीत. काकांनी लिहिलंय ते मी दर आठवड्याला बघते आणि मला आमच्याच व्यवसायाची लाज वाटते.

ज्याला "जखम" म्हणतात ती बहुतेक वेळा जखम नसतेच. पिशवीच्या आतल्या नळीची लालसर त्वचा थोडी बाहेर आलेली असते. तरुण बायकांत, गरोदरपणात, गर्भनिरोधक गोळ्या घेताना ती सर्रास दिसते. तो कॅन्सर नाही आणि कॅन्सरची पहिली पायरीही नाही. नुसत्या डोळ्यांनी बघून किंवा सोनोग्राफीवरून "कॅन्सर होईल" असं सांगताच येत नाही.

पण काका, म्हणूनच तर तपासणी हवी. तुमच्या बहिणीच्या हातात तेव्हा नीट केलेल्या पॅपचा कागद असता, तर "पिशवी काढा" म्हणणाऱ्याला तो दाखवता आला असता. आणि तपासणीत दोष निघाला तरी पिशवी काढावी लागत नाही, हे कृपया सगळ्यांनी लक्षात ठेवा. व्हीआयएत चट्टा दिसला की पुढे दुर्बिणीतून बघतात, गरज वाटली तर तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा काढतात. चट्टा दिसलेल्या पुष्कळ बायकांना प्रत्यक्षात काहीच नसतं. सौम्य बदल असेल तर नुसतं लक्ष ठेवतात, तो बऱ्याचदा आपोआप जातो. जास्तीचा असेल तर तेवढाच भाग गोठवतात, उष्णतेने शेकतात किंवा तारेच्या फासाने काढतात. शेकायला अर्ध्या मिनिटाच्या आसपास लागतं, बाई त्याच दिवशी घरी जाते. पिशवी जागच्या जागी राहते.

त्रास नसताना का, याचं उत्तर या आजाराच्या चालीत आहे. ९० टक्क्यांहून जास्त वेळा याच्यामागे एचपीव्ही नावाचा विषाणू असतो. तो संबंधातून येतो, बहुतेक बायकांच्या शरीरातून वर्ष-दोन वर्षांत निघूनही जातो. थोड्या जणींमध्ये ठाण मांडून बसतो, आणि तिथून कॅन्सरपर्यंत जायला साधारण पंधरा-वीस वर्षं लागतात. इतकी वर्षं बाईला काही म्हणजे काही जाणवत नाही. लाल डाग, संबंधांनंतर रक्त, घाण वासाचं पाणी ही लक्षणं बहुतेकदा शेवटी येतात. ती असतील तर शिबिराची वाट बघू नका, त्याच आठवड्यात दाखवा.

सई_३३
एक बाजूचा प्रश्न. लग्न झालेलं नसेल तर?

मी दोन वर्षांपूर्वी एका मोठ्या खासगी रुग्णालयात पॅपसाठी गेले होते. काउंटरवर भरल्या रांगेत विचारलं, "लग्न झालंय का? नाही? मग हे कशाला?" माझ्या मागे दहा माणसं उभी होती. मी वळले आणि घरी आले, ती आजपर्यंत गेलेले नाही.

गंधाली
सई, लग्नाचा काही संबंध नाही. कधीही शरीरसंबंध आला असेल तर तिशीपासून ही तपासणी तुझी आहे. एचआयव्ही असलेल्या बायकांना तर पंचविशीपासून आणि जास्त वेळा करायला सांगतात. तो प्रश्न फक्त डॉक्टरने, बंद दाराआड, "कधी संबंध आलेत का" असा विचारायचा असतो. काउंटरवर नाही.

प्राजक्ता_ठाणे
सई, तू ठाण्या-मुंबईत असशील तर मी येते सोबत. विपुत (विचारपुशीत) निरोप टाक.

मेलबर्नची_मृणाल
इथे ऑस्ट्रेलियात डिसेंबर २०१७ पासून पॅप बंद करून थेट एचपीव्हीची तपासणी आणली. पंचवीस ते चौऱ्याहत्तर वय, पाच वर्षांनी एकदा. जुलै २०२२ पासून स्वतः नमुना घ्यायची सोय सगळ्यांना आहे. दवाखान्यातच पडद्यामागे जाऊन लांब कापसाची काडी आत घालून फिरवायची आणि नळीत टाकून द्यायची. टेबल नाही, चोच नाही. माझी आई सहा महिने इकडे होती तेव्हा तिने ऐकलं आणि म्हणाली, "हे आमच्या वेळी असतं तर मी दहादा केलं असतं."

बार्शीकर
एचपीव्ही तपासणीचं नाव निघालंय तर सांगितलंच पाहिजे, कारण जगाला ती शिकवली आमच्या भागाने.

१९९९ च्या शेवटापासून उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात मोठा अभ्यास झाला. तीस ते एकोणसाठ वयाच्या १,३१,७४६ बायका, गावांचे ५२ गट. काही गावांत एचपीव्ही तपासणी, काहींत पॅप, काहींत व्हीआयए आणि काहींत फक्त नेहमीची आरोग्यसेवा. बार्शीचं नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय त्यात होतं. २००९ मध्ये निकाल छापून आला. आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीने या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्मे झाले. त्या गटात ३४, तपासणी नसलेल्या गटात ६४.

माझी आत्या त्यातल्याच एका गावची. ज्वारीची काढणी चालू होती. तिने गाडी आलेली पाहिली आणि विळा बांधावर ठेवून गेली, कारण गाडीत तालुक्याच्या डॉक्टरीणबाई होत्या आणि तिला गुडघ्याचं विचारायचं होतं. गुडघ्याचं राहिलं बाजूला, ही तपासणी झाली, पुढे बोलावणं आलं, उपचार झाले. आत्या आज ७१ ची आहे. गुडघा अजून दुखतो.

वाईकर_काका
बार्शीकर, आत्याबाईंचं वाचून बरं वाटलं. पण मग त्या ६४ जणींचं काय? त्यांना का नाही तपासलं?

बार्शीकर
काका, हा प्रश्न योग्य आहे आणि अनेक डॉक्टरांनीही तो जाहीरपणे विचारलेला आहे. पॅपचा उपयोग जगाला तेव्हाही माहीत होता. अभ्यास करणाऱ्यांचं म्हणणं असं की त्या गावांत तेव्हा तपासणी कुणालाच मिळत नव्हती, म्हणून तुलना त्या परिस्थितीशी केली. मला ते पूर्ण पटत नाही. पण त्याहून जास्त हे खुपतं की निकाल येऊन इतकी वर्षं झाली तरी ज्या मातीतल्या बायकांनी हे सिद्ध करून दिलं, तिथे ही तपासणी अजून घरोघरी पोचली नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत तीस ते एकोणपन्नास वयाच्या बायकांत ही तपासणी कधीतरी झालेल्या देशभरात फक्त १.९ टक्के होत्या.

गंधाली
मुंबईचंही सांगते. टाटा मेमोरियलने १९९८ पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांत दीड लाख बायकांचा अभ्यास केला, व्हीआयएचा. तपासणाऱ्या होत्या जेमतेम दहावी झालेल्या स्थानिक मुली, चार आठवड्यांचं प्रशिक्षण घेतलेल्या. दर दोन वर्षांनी एक फेरी, अशा चार फेऱ्या. मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. तेव्हा उपकेंद्रातली सिस्टर काय तपासणार, असं कुणी म्हणू नये. काकांचा आक्षेप त्याही अभ्यासाला लागू पडतो, ते मान्य.

एक मात्र आहे. पाळी गेल्यावर जो भाग बघायचा तो आत सरकतो, मग व्हीआयएत नीट दिसत नाही. पन्नाशीपुढे शक्य असेल तर एचपीव्ही करावी. जागतिक आरोग्य संघटनाही आता एचपीव्हीच म्हणते, दर पाच ते दहा वर्षांनी, आणि निदान पस्तिशीला एकदा, पंचेचाळिशीला एकदा तरी.

लेकीची_आई
लस घेतली तर ही तपासणी लागत नाही ना? माझी मुलगी १२ वर्षांची आहे. पुण्यातल्या सीरमची सर्व्हाव्हॅक आली आहे २०२३ पासून, ती द्यावी म्हणतेय.

गंधाली
जरूर द्या, हेच वय योग्य. पण या कॅन्सरपुरतं बोलायचं तर ती लस एचपीव्ही विषाणूच्या मुख्य दोन प्रकारांवर, १६ आणि १८ वर आहे. साधारण ७० टक्के केसेस त्यांच्यामुळे होतात, बाकीच्या राहतातच. तेव्हा मुलगी तिशीची झाली की तपासणी तिलाही. आणि तुम्ही तुमची केलीत का?

लेकीची_आई
नाही. करते.

अनामिक_नाशिक
नाव लपवून लिहितेय. माझा एचपीव्ही पॉझिटिव्ह आला. त्या दिवसापासून घरात बोलणं बंद आहे. सासूबाई म्हणतात हे बाहेरख्यालीपणाने होतं. नवरा काही बोलत नाही आणि मला त्याच्यावर शंका येते.

गंधाली
हा विषाणू कित्येक वर्षं गुपचूप पडून राहू शकतो. आज सापडला म्हणजे आज आला असं नाही. तो कुणाकडून, कधी आला हे जगातली कुठलीही तपासणी सांगू शकत नाही. लग्नाच्या पहिल्या वर्षी आलेला असू शकतो, त्याच्या आधीचाही असू शकतो. ज्यांचा संबंध आलाय अशा बहुतेक माणसांना तो आयुष्यात कधीतरी होऊन जातो, एकाच जोडीदाराशी राहणाऱ्यांनाही. पुढची दुर्बिणीची तपासणी वेळेवर करा, आणि जमलं तर नवऱ्याला सोबत न्या. डॉक्टरांकडून त्याने हे स्वतः ऐकावं.

अनुजा
अनामिक, तुम्ही एकट्या नाही. कधीही लिहा.

काठावरची
मी शनिवारची वेळ घेतली. एवढंच सांगायला आले.

मेघना_प
सगळ्यांचे किती आभार मानू. उशिरा लिहितेय, गावाहून काल परतले.

मंगळवारी रात्री हा धागा जाऊबाईंना फोनवर वाचून दाखवला. अनुजाच्या आईचं आलं तेव्हा त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "तू ये. आधी तू झोप, मग मी." रजा टाकून बुधवारी गावी गेले. रानजाईंनी सांगितलं तसं सकाळी आधी खोली बघायला गेलो. खिडकीला पडदा नव्हता. जाऊबाई घरी जाऊन स्वतःची जुनी नऊवारी घेऊन आल्या, आम्ही दोघींनी ती खिळ्यांना अडकवली. ते पाहून बाहेर बसलेल्यांपैकी आणखी चौघी उठल्या.

मी आधी गेले. प्राजक्ता, श्वास सोडण्याचं अगदी खरं आहे. एक मिनिट फार मोठं वाटलं, पण दुखलं नाही. माझं ठीक, जाऊबाईंचंही ठीक. घरी आल्यावर त्यांनी वही काढली. त्यात गॅसची टाकी लावल्याची तारीख आणि गाई भरवल्याच्या तारखा असतात. तिथेच पुढच्या पानावर दोघींची नावं आणि पाच वर्षांनंतरचं साल लिहिलं.

काका, तुमचंही वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "त्यांना सांग, कागद हातात घेतल्याशिवाय हलले नाही."

आता पुढचा प्रश्न. अकरा जणींमध्ये एकीला चट्टा दिसला. आमच्याच शेतावर कामाला येते, ३६ वर्षांची. पुढच्या मंगळवारी नगरला दुर्बिणीच्या तपासणीला बोलावलंय. ती खूप घाबरली आहे, नवरा नाही म्हणतोय. जाऊबाई तिच्यासोबत जाणार आहेत, दिवसाची मजुरीही देणार आहेत. जाताना काय न्यावं, काय सांगावं?

गंधाली
उपकेंद्राने दिलेली चिठ्ठी आणि आधार कार्ड. उपाशी जायची गरज नाही, खाऊन जा. दोन-तीन पॅड घ्या, तुकडा काढला तर थोडं रक्त जातं, तपकिरी स्रावही होतो. पाळीची तारीख मंगळवारच्या आसपास येत असेल तर आजच फोन करून दिवस बदलून घ्या. तुकडा काढलाच तर रिपोर्ट कधी आणि कुठल्या खिडकीवर मिळेल हे तिथून निघायच्या आधी विचारा आणि लिहून घ्या, बायका तिथेच सुटतात. आणि तिच्या नवऱ्याला एवढं सांगा की मंगळवारी फक्त बघणार आहेत, पिशवी काढणार नाहीत.

वाईकर_काका
माझी बहीण नगरलाच असते, सरकारी दवाखान्यापासून रिक्षाने दहा मिनिटं. आताच तिच्याशी बोललो. ती म्हणते, दोघींना दुपारचं जेवायला माझ्याकडे पाठव. मेघनाताई, तुम्हाला विपुत तिचा नंबर देतो.